चोर सोडून संन्याशाला बरणी

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

आमचं कराडला घर आहे. मागे छोटं परस आहे, त्यात वांगी, टोमॅटो, मिरच्या आणि हौसेने लावलेली सूर्यफुलाची एक ओळ. पलीकडचा प्लॉट वर्षानुवर्षं मोकळा पडून आहे. गेल्या आठवड्यात माझ्या नातवाला कंपोस्टच्या खड्ड्यामागे (तिथे ते गाजरासारख्या पानांचं, बारीक पांढऱ्या फुलांचं तण माजलंय, त्यावर) पट्ट्यापट्ट्यांचे भुंगे सापडले. त्याने मोबाइलवर फोटो काढला तर ॲपने सांगितलं, ‘कोलोरॅडो पोटॅटो बीटल’. पुढचं वाचलं आणि माझी झोपच उडाली. अमेरिकेतली कीड, बटाटा-टोमॅटो-वांगी फस्त करते, औषधांनाही दाद देत नाही म्हणे. माझ्या वांग्यांच्या पानांची खरंच चाळण झालीय. दोन भुंगे सूर्यफुलावरही होते. एकूण अकरा पकडून लोणच्याच्या बरणीत ठेवलेत. शेजाऱ्यांनी फवारायला औषधाची बाटली आणून दिलीय. वांग्यावर ठिपक्यांचे काही होते, पण लेडीबर्ड उपयोगी असतात असं तुम्हीच मागे लिहिलं होतंत, म्हणून त्यांना हात लावला नाही. ही परदेशी कीड आपल्याकडे कशी आली? सरकारला कळवायला हवं का? फोटो सोबत आहेत.
— एक आजी, कराड

उत्तर

ताई, नमस्कार.

पहिलं काम म्हणजे औषधाची बाटली शेजाऱ्यांना परत करा. दुसरं, बरणीच्या झाकणाला भोकं पाडली नसतील तर पाडा. आता निवांत बोलू.

बरणीतला पाहुणा परदेशी आहे हा तुमचा संशय खरा आहे. पण तो कोलोरॅडोचा नव्हे, मेक्सिकोचा. तो लपूनछपून आलेला नाही, आपल्याच शास्त्रज्ञांनी त्याला रीतसर बोलावून आणलंय. ज्या कामासाठी आणलं, तेच काम तो तुमच्या कंपोस्टच्या खड्ड्यामागे इमानेइतबारे करत होता. तेवढ्यात तुम्ही त्याला उचललात.

शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकलराटा. कृषी खात्याच्या पत्रकांत आणि शेतकऱ्यांच्या तोंडी मात्र ‘मेक्सिकन भुंगा’. त्याचं खाणं म्हणजे ते गाजरासारख्या पानांचं तण, म्हणजेच गाजर गवत. काँग्रेस गवत म्हणा, चटक चांदणी म्हणा, एकच.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर तुम्ही कंसात टाकलात, याची मला गंमत वाटली. किडा कोणता हे ओळखायला बसलं की आपण आधी किड्याकडे बघतो. मी आधी विचारतो, बसला कशावर होता? पानं खाणारे बहुतेक किडे जेवणाच्या बाबतीत कमालीचे हट्टी असतात. सासरच्या माणसाला एकच भाजी आवडावी तसे. कोलोरॅडोचा भुंगा बटाट्याच्या कुळातला खवय्या, म्हणजे बटाटा, वांगं, टोमॅटो. तो तुमच्या टोमॅटोच्या ओळी ओलांडून, कंपोस्टचा खड्डा ओलांडून, गाजर गवतावर जेवायला जाणार नाही. ॲपला हे कळत नाही, कारण ॲप फक्त चेहरा बघतं. गाव विचारत नाही, झाड विचारत नाही. पिवळट पाठ, काळपट रेघा, अर्धगोल अंग, एवढं जुळलं की जगात ज्याचे फोटो सगळ्यात जास्त त्याचं नाव पुढे करतं. आणि कोलोरॅडोच्या भुंग्याइतके फोटो कोणाचे निघाले असतील?

तरी चेहऱ्याचीही खात्री करून घेऊ. नातवाकडे भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून चालेल. एक भुंगा पांढऱ्या बशीत काढा आणि वर अत्तराच्या बाटलीचं पारदर्शक टोपण पालथं घाला, म्हणजे पळणार नाही. आता पाठीवरच्या रेघा बघा. कोलोरॅडोच्या भुंग्याच्या पाठीवर दहा रेघा असतात, प्रत्येक पंखावर पाच, वहीच्या पानावर आखल्यासारख्या उभ्या आणि बऱ्यापैकी सरळ. त्याच्या शास्त्रीय नावातच ‘दहा रेघांचा’ असा अर्थ आहे. तुमच्या भुंग्याच्या रेघा नागमोडी आहेत, कुठे जाड, कुठे बारीक, घाईत काजळ फिसकटावं तशा. तिसऱ्या फोटोत हे फार छान आलंय. मग मानेकडे या, म्हणजे डोकं आणि पंख यांच्यामधल्या ढालीकडे. कोलोरॅडोवाल्याची ही ढाल नारिंगी असते आणि तिच्यावर काळे ठिपके असतात. तुमच्या भुंग्याची सरसकट तपकिरी आहे, चिंचोक्याच्या रंगाची. ही मानेची खूण मला रेघांपेक्षाही भरवशाची वाटते, कारण रेघा मोजताना डोळे फसतात. आकारही बघा. हा साधारण सहा मिलिमीटरचा, तुरीच्या दाण्याएवढा. तो दहा मिलिमीटरच्या आसपासचा, चांगला टपोरा.

एवढ्यानेही समाधान झालं नाही तर नातवाला एक प्रयोग करू द्या. बरणीत एका बाजूला टोमॅटोचं ताजं पान, दुसऱ्या बाजूला वांग्याचं, मध्ये गाजर गवताची छोटी फांदी. रात्रभर ठेवा. सकाळी गाजर गवताच्या पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसतील आणि खाली बारीक काळी विष्ठा पडलेली असेल. टोमॅटो-वांगं जसंच्या तसं राहील, फार तर कोमेजेल. गाजर गवताची फांदी मात्र मुलाला उघड्या हाताने तोडू देऊ नका, त्याचं कारण पुढे येईलच.

तुमची भीती काही वेडगळ नव्हती. कोलोरॅडोचा भुंगा खरोखर घाबरावं असाच आहे. १८२४ मध्ये टॉमस से या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं, तेव्हा तो रॉकी पर्वताच्या बाजूला एका काटेरी रानझाडावर राहणारा अगदी किरकोळ किडा होता. वसाहतवाले पश्चिमेकडे सरकले, बटाटा लावत गेले आणि याला आयतं ताट मिळालं. १८५९ मध्ये नेब्रास्कात बटाट्याच्या शेतात त्याने धुमाकूळ घातला आणि पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत तो थेट अटलांटिकच्या किनाऱ्यावर पोहोचला. १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये शिरला, मग युरोपभर, पुढे मध्य आशिया आणि चीनच्या पश्चिम टोकापर्यंत. एकामागून एक कीटकनाशकं पचवत गेला, हेही ॲपने तुम्हाला बरोबरच सांगितलं. पण भारतात तो आलेला नाही. येऊ नये म्हणून बाहेरून येणाऱ्या बटाट्याच्या बेण्यावर कडक तपासणी असते. उद्या खरोखरच बटाट्याच्या पानावर दहा सरळ रेघांचा, नारिंगी मानेचा भुंगा कोणाला दिसला, तर ती बातमी सरकारला कळवायचीच आहे.

आता मेक्सिकन भुंगा आला कसा. त्याची गोष्ट सांगायची तर आधी गाजर गवताची सांगावी लागते, आणि ती सुरू होते पुण्यात. १९५१ मध्ये पुण्याच्या उकिरड्यांवर हे झाड एका प्राध्यापकांच्या नजरेस पडलं. १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद छापून आली. अमेरिकेच्या पीएल ४८० या धान्य-मदतीच्या करारातल्या गव्हातून ते आलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय, पण तो करारच मुळी १९५६चा. तेव्हा गव्हातून आलं असेल तर त्याआधीच्या गव्हातून आलं असणार. ते काहीही असो, पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत त्याने देश व्यापला. एका मोठ्या झाडाला पंधरा-वीस हजार बिया येतात, उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलं धरतात, गुरं तोंड लावत नाहीत. आणि माणसांचं म्हणाल तर १९७०च्या दशकात पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे हातापायांना, मानेला, पापण्यांना पुरळ उठलेल्या लोकांची रीघ लागली होती. पार्थेनिन नावाचं द्रव्य त्या झाडात असतं, ते काहींच्या कातडीला अजिबात सोसत नाही. परागकणांनी शिंका आणि दमा होतो तो वेगळाच.

मुळात हे झाड मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या बाजूचं. तिथे ते असं माजत नाही, कारण त्याला खाणारे तिथेच राहतात. आपल्याकडे झाड आलं, खाणारे मागे राहिले. म्हणून बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मेक्सिकोतून हे भुंगे मागवले. त्याआधी ऑस्ट्रेलियाने क्वीन्सलँडमध्ये १९८० साली ते सोडून पाहिलेच होते. पिकांवर जातात का, उपाशी ठेवल्यावर काय खातात, याच्या चाचण्या झाल्या आणि १९८४च्या पावसाळ्यात ते बंगळूरच्या आसपास सोडले. दोन-तीन वर्षं काहीच घडलं नाही, लोक हसले. मग एका पावसाळ्यात रस्त्याकडेचं गाजर गवत नुसत्या काड्या होऊन उभं दिसलं.

मी शेतकी कॉलेजात होतो तेव्हा आमच्या सरांनी आम्हाला हे भुंगे बरण्यांत भरून कालव्याच्या कडेला सोडायला पाठवलं होतं. एसटीत मांडीवर बरणी. कंडक्टरने विचारलं, काय नेताय? मी म्हटलं, काँग्रेस खाणारे किडे. तो म्हणाला, मग मुंबईला न्या की, इथे कशाला सोडताय. निवडणुकीचे दिवस होते. तिकीट मात्र त्याने बरणीचंही फाडलं नाही, एवढं बरं.

भुंग्याचं आयुष्य तुमच्या परसातच बघायला मिळेल, म्हणून थोडं सांगतो. मादी पानाच्या खालच्या बाजूला फिकट पिवळी, बारीक लांबट अंडी घालते, एकेकटी किंवा चार-पाचांच्या पुंजक्यात. चार ते सात दिवसांत अळ्या बाहेर पडतात. त्या आधी शेंड्यावर आणि बगलेतल्या कोवळ्या फुटव्यांवर तुटून पडतात, आणि खरं नुकसान तिथेच होतं, कारण फूल तिथूनच येणार असतं. दहा-पंधरा दिवस खाऊन गुबगुबीत झाल्या की अळ्या खाली उतरून मातीत शिरतात आणि कोष करतात. अंड्यापासून भुंग्यापर्यंत सगळा मिळून महिनाभराचा संसार. जुलै ते ऑक्टोबर ही यांची जत्रा. थंडी पडली की मोठे भुंगे स्वतःच जमिनीत गाडून घेतात आणि जूनच्या पावसापर्यंत निपचित पडून राहतात. फेब्रुवारीत वाफा खणताना मातीत हा पट्टेवाला मेल्यासारखा सापडला तर फेकू नका, झोपलाय तो.

सूर्यफुलावर दोन दिसले म्हणता. ही तक्रार जुनी आहे आणि तिने एकेकाळी फार मोठं वादळ उठवलं होतं. १९९१च्या सुमारास कर्नाटकात सूर्यफुलाच्या शेतात हे भुंगे पानं खाताना दिसले. सूर्यफूल आणि गाजर गवत एकाच कुळातली, त्यामुळे भीती रास्तच होती. वर्तमानपत्रांत गाजलं, नवे भुंगे सोडणं थांबलं, केंद्र सरकारने चौकशी समिती नेमली. पुन्हा चाचण्या झाल्या. निष्पन्न असं झालं की शेताच्या बांधावर गाजर गवत फुललेलं असेल आणि त्याचे परागकण उडून सूर्यफुलाच्या पानावर बसले असतील, तर वासाला भुलून भुंगा ते पान थोडं कुरतडतो, पण त्यावर त्याची पिढी काही तगत नाही. तुमची सूर्यफुलाची ओळ आणि तणाचा पुंजका यांच्यात अंतर किती आहे ते बघा. पाच-सहा पावलंच असणार. तण काढलंत की सूर्यफुलावरचे पाहुणेही जातील. शंकेश्वराच्या झाडावरही तो कधी कधी सापडतो, तेही त्याच कुळातलं.

आता ज्याची मला खरी काळजी वाटली त्याकडे येतो. तुमचे सातवा, आठवा आणि दहावा हे फोटो वांग्याच्या पानांचे आहेत. पान कडेने कुरतडलेलं नाही. शिरा शाबूत आहेत आणि दोन शिरांमधला हिरवा भाग ओळीओळीने खरवडून काढलाय, जाळीदार पडद्यासारखा. मेक्सिकन भुंगा असा खात नाही, आणि वांगं तर खातच नाही. हे काम तुम्ही ‘लेडीबर्ड’ म्हणून अभय दिलेल्यांचं आहे.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. तुम्ही संन्याशाला बरणीत कोंडलंत आणि चोराला वांग्यावर बसू दिलंत. यात माझाही दोष आहे. मागच्या लेखात मी ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड, उपयोगी असतात, मावा खातात, असं लिहून मोकळा झालो. त्याच घराण्यातला एक शाकाहारी निघालाय हे सांगायचं राहिलं.

त्याला एपिलॅक्ना भुंगेरा म्हणतात, आणि तो अस्सल आपल्याकडचा आहे. कोणी परदेशातून आणलेला नाही, वांग्याचा पिढीजात शेजारी. ओळखायचा कसा? मावा खाणारा ढालकिडा पॉलिश केल्यासारखा चकचकीत असतो, बोटावर घेतला तर खिडकीचा उजेड त्याच्या पाठीवर दिसतो. एपिलॅक्ना मळकट तांबूस असतो, पाठीवर बारीक लव असते म्हणून चमक नाही, आणि ठिपके भरपूर. तुमच्या दहाव्या फोटोतल्याचे नातवाला मोजायला सांगा, अठ्ठावीस भरतील. त्याची अळी तर चुकूच शकत नाही, पिवळी आणि अंगभर फांद्या फुटलेले काटे, निवडुंगाच्या पिल्लासारखी. पानाच्या खाली पिवळ्या, उभ्या ठेवलेल्या अंड्यांचे झुपके असतील. सकाळी ऊन चढायच्या आत हे सुस्त असतात. एका हातात साबणाच्या पाण्याचं भांडं धरायचं आणि दुसऱ्या हाताने पान हलकेच झटकायचं. हे गडी दचकले की पाय सोडून खाली पडतात, ते नेमके भांड्यात. अंड्यांचे झुपके असलेली पानं खुडून त्याच भांड्यात. चार-पाच सकाळी असं केलंत आणि आठवड्याच्या अंतराने दोनदा पाच टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूने फवारलात, की दहा-बारा वांग्यांच्या परसाला दुसरं काही लागत नाही.

याच्या उलट फजितीही होते. दोन वर्षांपूर्वी एका वाचकाने जास्वंदीवरचे ‘राक्षसी पिठ्या ढेकूण’ मारले म्हणून अभिमानाने फोटो पाठवला होता. ते पांढरे, झालरवाले किडे म्हणजे क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याच्या अळ्या. पिठ्या ढेकूणच खातात, आणि त्यांच्यासारख्याच दिसतात. तोही परदेशीच, १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेला. तेव्हा देशी म्हणून आपला आणि परदेशी म्हणून वैरी, हा हिशेब परसात चालत नाही. पानावर काय खुणा आहेत त्या वाचायच्या.

मेक्सिकन भुंग्याचं मी एवढं कौतुक केलं, तरी त्याच्या भरवशावर तण सोडून देऊ नका. हा कामगार उशिरा हजेरी लावणारा आहे. जूनमध्ये जमिनीतून निघतो आणि संख्या वाढून खरा जोर धरतो ऑगस्टमध्ये. तोवर पहिल्या पावसाला उगवलेलं गाजर गवत फुलून बिया टाकून मोकळं झालेलं असतं. शिवाय थंडी-उन्हाळ्यात पाणी मिळेल तिथे तण उगवतंच, तेव्हा हे महाशय जमिनीखाली झोपलेले. म्हणून घराजवळचं तण हातानेच काढायचं, फुलं यायच्या आत, पाऊस पडून गेल्यावर जमीन ओली असताना, मुळासकट. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि नाकाला रुमाल हवाच. तुमच्या घरात कोणाला दमा असेल तर त्या दिवशी त्याला घरात ठेवा. कोवळं, न फुललेलं तण कंपोस्टच्या खड्ड्यात खुशाल टाका, चांगलं खत होतं. फुललेलं मात्र नको. आपल्या घरगुती खड्ड्यात बिया मरण्याइतकी ऊब तयार होत नाही, पुढच्या वर्षी खताबरोबर तेच सगळ्या वाफ्यांत पसरेल. मीठपाणी फवारा असा सल्ला कोणी देईल. तो पडीक माळासाठी आहे, तुमच्या परसातली माती बिघडेल.

पलीकडच्या मोकळ्या प्लॉटचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण बिया तिथूनच येणार. तिथे भुंग्यांना राहू द्या. प्लॉटमालकाची हरकत नसेल तर पावसाच्या सुरुवातीला कडेने टाकळ्याचं किंवा तरोट्याचं बी फेकतात, त्याच्या दाटीत गाजर गवत दबतं. तरोटा म्हणतात त्यातली एक जात मात्र अमेरिकेकडून आलेली आहे आणि पुण्याच्या टेकड्यांवर आता तिचंच रान झालंय, म्हणून मी स्वतः टाकळ्याच्या बाजूचा. टाकळ्याची कोवळी भाजी तरी खाता येते.

सरकारला कळवायला हवं का? या मेक्सिकन भुंग्यासाठी नको, त्याच्याकडे कागदपत्रं आहेत. पण पुढे कधी खरंच अनोळखी काही सापडलं तर वरून, बाजूने आणि पोटाकडून असे तीन फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, आणि ज्या झाडावर होता त्या झाडाचा चौथा. तारीख लिहा. किडा डबीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा (सूनबाईंना आधी सांगून) आणि जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात नेऊन दाखवा. तिथे जमलं नाही तर बंगळूरला राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो आहे, किडे ओळखणं हेच त्यांचं काम. जिवंत किडा कुरिअरने कुठेही पाठवू नका. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. नातवाच्या शाळेत त्या आठवड्यात कार्यक्रम असेल तर त्याला त्याची बरणी घेऊन बोलायला उभा करा, पाठ केलेल्या भाषणापेक्षा बरं होईल.

अकरापैकी दोन-तीन त्याच्याकडे आठवडाभर राहू द्या, रोज ताजी फांदी द्यावी लागेल आणि ती तुम्ही मोजे घालून तोडायची. बाकीचे आज संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवर नेऊन सोडा, ऊन उतरल्यावर. बरणी मात्र साबणाने दोनदा धुऊन, उन्हात वाळवल्याशिवाय पुन्हा लोणच्याला घेऊ नका.